समुद्र बघा, खाडीत उतरा

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही पुण्याचे. १८ ते २२ मे मालवणजवळ देवबागला जायचं ठरलंय, राहायच्या घराचे पैसेही भरून झालेत. मी ४४ वर्षांची, पोहता येत नाही. कुठल्याही किनाऱ्यावर गेलो की सगळ्यांच्या चपला, मोबाइल आणि पाकिटं सांभाळत बसायचं काम माझं. नवरा रोज टँकवर पोहतो, त्यामुळे समुद्राचं त्याला काहीच वाटत नाही. १३ वर्षांच्या मुलाला स्कूबा करायचंय, ८ वर्षांच्या मुलीला पाणी दिसलं की पुरे. सासूबाई ७१ च्या, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांचं म्हणणं, मे संपत आला की समुद्र वाईट, जाऊच नका. जाताना एक रात्र दिरांकडे गावी मुक्काम आहे. तिथे विहीर आहे, नवीन शेततळंही केलंय, मुलांना तिथेही उतरायचंय. जावं की रद्द करावं? आणि या वयात मी पाण्यात उतरले तर लोक हसतील का?

चपलांची राखणदार

राखणदारबाई,

जा. रद्द करू नका. मात्र सासूबाईंना 'तुमचं आपलं काहीतरीच' म्हणून गप्प बसवू नका, कारण समुद्राबद्दल त्या जे सांगताहेत ते खरं आहे. फक्त देवबाग म्हणजे नुसता समुद्र नव्हे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, असं ते गाव आहे. काही ठिकाणी तर एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे चालत जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मे महिन्याच्या शेवटी ज्याला पाण्यात खेळायचंय, त्याने तोंड खाडीकडे करावं. समुद्र बघायला ठेवावा, आणि बघण्यासारखा तो या दिवसांत असतोच.

आधी सासूबाईंची बाजू मांडते. मेच्या मध्यापासून नैऋत्येकडून लांबच्या लाटा यायला लागतात. इथे आभाळ निळं, वारा बेताचा, आणि तरी फुटणारी लाट जड असते, कारण ती इथल्या वाऱ्याने उठलेली नसते, दूरच्या समुद्रातून चालत आलेली असते. पुळणीचा उतारही याच दिवसांत बदलायला लागतो. काल गुडघाभर पाणी होतं तिथे आज कंबरभर खळगा असू शकतो. प्रवासी बोटी आणि जलक्रीडा दरवर्षी साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तुम्ही जाताय ते दिवस या बंदीच्या अलीकडचे आहेत. कागदावर सगळं चालू असेल. पण समुद्र २६ तारखेची वाट बघत थांबत नाही. २४ मे २०२२ ला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला तेव्हा एकच दिवस उरला होता.

म्हणून चिरंजीवांच्या स्कूबाला माझा या खेपेला नकार आहे. त्याला 'धोका आहे' एवढंच सांगू नका, तेरा वर्षांच्या मुलाला त्याने उलट चेव येतो. त्याला खरं कारण सांगा: लाटांनी तळाची वाळू आणि गाळ उचलला की पाणी गढूळतं, आणि पैसे मोजून खाली गेल्यावर दिसणार काय, तर आपलाच हात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, प्रवाळ, रंगीत मासे बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी यावं. त्या टापूतला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. नाताळच्या सुट्टीचं वचन द्या आणि ते पाळा. तोवर पुण्यात त्याला पाण्यात तोंड घालून नळीने श्वास घ्यायला शिकू द्या. ज्याला हे सहज जमतं तोच मुलगा डिसेंबरात खाली गेल्यावर घाबरत नाही.

आता तुमचे यजमान. मला खरी काळजी त्यांची आहे, तुमची नाही. तुम्ही घाबरता, म्हणून पाय जपून टाकाल. टँकवर रोज पोहणारा माणूस समुद्रात शिरतो तो टँकची खात्री घेऊन: पाणी जागच्या जागी राहणार, दमलो की कडेला हात लागणार. समुद्रात या दोन्ही गोष्टी नाहीत. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, आणि ते पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यातून जोराने बाहेर निघतं. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, त्यामुळे नवख्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, भले भले पोहणारे त्यातच दमतात. अंग सैल सोडायचं, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, आडवं. ओढीचा पट्टा सहसा रुंद नसतो, त्यातून बाजूला सरकलं की लाटाच माणसाला परत आणतात. हे त्यांना पुण्यातच वाचून दाखवा. वाळूवर उभं राहून सांगितलंत तर ते ऐकणार नाहीत. आणि घोटभर घेऊन पाण्यात उतरणार असतील तर वाचून दाखवायचीही गरज नाही, सरळ अडवा.

समुद्रात तुम्ही कुणी उतरूच नये असं नाही. सकाळी वारा पडलेला असताना, ज्यांच्याकडे उतरलाय त्यांना विचारून, घोट्याएवढ्या पाण्यात पाय भिजवा. लेक लाटेला पाठ करून उभी राहणार नाही एवढं बघा, आणि तिचा हात धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल नको. गोव्यात बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहण्यासाठी ठरवून दिलेली असते. आपल्याकडच्या प्रत्येक पुळणीवर तशी सोय असेल असं धरून चालू नका. 'इथे आज उतरू का' हे जवळच्या मच्छीमाराला विचारावं. तो 'नको' म्हणाला तर कारण विचारत बसू नये.

खाडीची गोष्ट वेगळी. उन्हाळा संपताना नदीला गोडं पाणी जवळपास उरलेलं नसतं, त्यामुळे समुद्राचं खारं पाणी खाडीत खूप आतपर्यंत शिरतं. खारं पाणी जड, म्हणून त्यात माणूस गोड्या पाण्यापेक्षा थोडा सहज तरंगतो. लाट नाही, पाणी कोमट, काठावर कांदळवन. पहिला जोराचा पाऊस पडला की हीच खाडी तांबडी होते आणि धावायला लागते. तुम्ही जाताय तो आठवडा त्या दृष्टीने चांगला आहे, फक्त घड्याळ सांभाळावं लागेल.

घड्याळ म्हणजे भरती-सुकतीचं; सुकती म्हणजे ओहोटी. कोकणात याचा तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. दोन्ही पक्षांना हाच हिशोब चालतो, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि लेकीला चारही दिवसांच्या वेळा काढायला बसवा. आठ वर्षांच्या मुलीला पाऊणकीचा याहून चांगला उपयोग कुठे मिळणार? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जास्त ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा सगळंच नरम.

तुम्हाला खाडीत उतरायचंय ते भरती पुरी होत आली असताना. त्या सुमाराला पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं होतं. सुकती लागली की बाहेर या. आणि खाडी जिथे समुद्राला मिळते त्या संगमावर पोहायचं नाही, कितीही सुंदर दिसत असला तरी. सुकतीला सगळी खाडी त्या तोंडातून बाहेर पडत असते. तिथे वाळूचे पट्टे उघडे पडतात, लोक फोटो काढत पुढे पुढे जातात आणि मागून भरती येते. तिकडे बोटीने जा, बघा, बोटीनेच परत या.

बोटीत चढताना लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळा. खांद्याला धरून वर ओढलं आणि ते हनुवटीच्या वर गेलं तर ते सैल आहे, म्हणजे निरुपयोगी आहे. लेकीला मोठ्यांचं जॅकेट चालणार नाही, तिच्या मापाचं आहे का हे फोनवरच विचारा, नसेल तर पुण्याहून घेऊन जा. हवेचे हंस आणि रबरी टायर घरी राहू देत. वारा लागला की ते मुलासकट निघतात.

मुलाला स्कूबाच्या बदल्यात कयाक द्या. कर्लीच्या खाडीत सकाळी साडेसहाला निघून नऊच्या आत परतायचं. खंड्या, बगळे, कांदळवनाच्या मुळांवरचे खेकडे आणि चिखलावर उड्या मारणारे मासे, हे तेव्हाच दिसतं. दहानंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि येतानाची वल्ही जड होतात. ऊनही वाईट असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणच्या अक्षांशावर सूर्य बरोब्बर डोक्यावरून जातो, तुमच्या तारखांना तो साधारण चार अंश सरकलेला असेल. पाण्यावर असताना गारवा वाटतो आणि संध्याकाळी खांदे टोमॅटोसारखे लाल होतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि दर तासाला पाणी. दुपारी अकरा ते चार सरळ झोपा, नाहीतर जांभळं आणि करवंदं खात पडवीत बसा.

दुपार कलताना पूर्वेकडे, सह्याद्रीच्या अंगाला, ढग चढताना दिसले तर पोहण्याचा बेत सोडून द्या. वळवाचा पाऊस वीज घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, माडाखाली नव्हे, घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

आता दिरांचं गाव. विहीर आणि शेततळं तुम्ही एका दमात लिहिलंय, पण दोन्ही एका जातीची नाहीत.

तुमच्या यजमानांच्या पिढीतली निम्मी मुलं पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकली. पायऱ्यांची विहीर असेल, तळ आणि पाणी किती हे दिरांना ठाऊक असेल, वरून जाड दोर सोडलेला असेल आणि पोहता येणारा एक मोठा माणूस आधीच पाण्यात असेल, तर मुलांना लाइफ जॅकेट घालून पायरीवरून उतरू द्या. काठावरून सूर मात्र कुणीच मारायचा नाही. मे अखेर पाणी तळाला गेलेलं असतं. ज्या काठावरून चुलत्याने भाद्रपदात सूर मारला होता त्याच काठावरून आज मारला तर तो दगडावर जाईल. यजमानांना गावी गेल्यावर लहानपण आठवणार, काठावर उभे राहणार, पोरांना 'बघा' म्हणणार. तुम्ही आधीच दिरांना सांगून ठेवा, भावाचं ते ऐकतील.

शेततळ्यात मात्र कुणीही नाही. पाय धुवायलाही नाही. त्याला प्लास्टिकचा कागद असतो, कडा उतरत्या असतात, आणि शेवाळ धरलं की त्यावर ना पाय ठरतो ना हात. पट्टीचा पोहणाराही त्यातून स्वतःहून वर चढू शकत नाही. एक घसरतो, दुसरा काढायला जातो, मग तिसरा. आपल्याकडे दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यात एकाच घरातली दोन-तीन नावं असतात. दिरांकडे मिठाईचा पुडा नेण्याऐवजी गाठी मारलेला नायलॉनचा लांब दोर न्या. चारही बाजूंनी असे दोर बांधून आत सोडायचे, कुंपण घालायचं आणि फाटकाला कुलूप. हा आगाऊपणा वाटला तर माझं नाव सांगा.

कुठल्याही पाण्याशी मुलं असताना एक मोठा माणूस पाण्यात आणि एक काठावर, आणि काठावरच्याचं काम फक्त बघणं. 'आहे ना माझं लक्ष' म्हणणारे सहा जण असले की लक्ष कुणाचंच नसतं, म्हणून नाव घेऊन पाळी लावा. बुडणारं माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेला येतं-जातं आणि आवाज येत नाही. कुणी तसं दिसलं तर आधी दोर, काठी, ओढणी, रिकामा बंद कॅन, जे हाताला येईल ते टाका, उडी नको. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं नाही, उलटं धरून फिरवायचं नाही. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छातीच्या मध्यावर दाब द्यायचे आणि १०८ ला फोन. हे करायला तुम्ही दोघांनी पुण्यात कुठेतरी शिकून घ्या, वाचून हाताला वळण लागत नाही.

उरला तुमचा प्रश्न, तो शेवटी आणि अर्ध्या ओळीत लिहिलात तो. हसतील का?

बाई, देवबागच्या खाडीकाठी सुकतीला जाऊन बघा. साडीचा काष्टा मारून बायका कंबरभर पाण्यात तिसऱ्या काढत असतात. काही साठीच्या, काही त्याहून मोठ्या. पायाच्या अंगठ्याने चिखलात शिंपला चाचपायचा आणि हाताने उचलायचा. त्यांना कुणी हसत नाही आणि कुणी हसलं तर त्यांना ऐकायला वेळ नाही. पाण्यातली बाई ही कोकणात नवलाईची गोष्ट नाहीच. ती फक्त सहलीला आलेल्या कुटुंबांत नवलाईची आहे, कारण तिथे पाकिटं सांभाळायला कुणीतरी लागतं. पाकिटं राहत्या घरी कपाटात ठेवा. मोबाइलही. चपला कुणी नेत नाही.

ओढणी आणि सुती सलवार पाण्यात नको, भिजलं की वजन होतं आणि पायात अडकतं. पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख मिळतो, नाहीतर लेगिंग आणि अंगाला बसणारा जुना टी-शर्ट पुरे. पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल हवेतच. खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, आणि वाळूत पाकट, म्हणजे एक चपटा मासा, लपलेलं असतं, त्याच्या शेपटीला काटा असतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, म्हणजे ते आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, दुखणं उतरतं, आणि डॉक्टरकडे जायचंच.

जायच्या आधी काही आठवडे हातात असतील तर टँकवर बायकांच्या बॅचला नाव घाला. पोहायला शिकायचं नाही, दोनच गोष्टी करायच्या: पाण्यात तोंड बुडवून नाकातोंडाने बुडबुडे सोडणं, आणि उताणं तरंगणं. ज्याला पाण्यात श्वास सोडता येतो त्याची अर्धी भीती तिथेच उतरते. मग देवबागला, भरतीच्या थांबलेल्या पाण्यात, छातीएवढ्या खोलीवर, जॅकेट घालून उताणं व्हा. कान पाण्यात जाऊ द्या. बहुतेक जण कान कोरडे ठेवायला मान उचलतात आणि मान उचलली की कंबर बुडते. छातीत श्वास भरून घ्या, पोट वर. यजमानांचा एक हात पाठीखाली राहू दे, आणि त्यांना बजावून ठेवा की 'सोडला' म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. गंमत म्हणून काढला तर त्या दिवसाचा स्वयंपाक त्यांच्याकडे.

सासूबाईंना काठावर एकट्या बसवू नका. खाडीच्या कडेला घोटाभर पाणी, खाली घट्ट वाळू असेल तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवून पाय पाण्यात सोडून बसवा. कोमट पाण्यात गुडघ्यांना बरं वाटतं. उठताना मात्र दोन्ही बाजूंनी माणूस हवा. बोटीत चढायची वेळ त्यांच्यासाठी भरतीची निवडा, सुकतीला बोट खाली जाते आणि गुडघ्यांना ती उतरंड झेपत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी, १६ तारखेला, हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्रविषयक केंद्राचा लाटांचा इशारा बघा. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय असं दिसलं तर मात्र घरीच थांबा. २०२१ साली तौक्ते वादळ १६ मेच्या सुमारास याच किनाऱ्यावरून वर गेलं, आणि २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात आला. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना आजच फोन करून विचारा की वादळाचा इशारा आला तर तारीख पुढे ढकलता येईल का, आणि डिसेंबरात कुठला आठवडा रिकामा आहे. त्याच फोनवर लेकीच्या मापाच्या जॅकेटचंही विचारून घ्या.